मिलिंद, ती भिंत हलत नव्हती

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी लोकांना हसवलं.

त्रिशरण-पंचशील झालं होतं. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये हीटर घरघरत होता, मागच्या टेबलावर जेवणाचे ट्रे येऊन पडले होते, आणि आपल्या असोसिएशनच्या सेक्रेटरींनी माइक माझ्या हातात दिला. ‘सर, तुम्ही त्यांचे सगळ्यांत जवळचे. दोन शब्द बोला.’ माझ्या हातात माइक देण्यातला धोका तू असतास तर त्यांना वेळेवर सांगितला असतास. मी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं, आणि चर्चची जमीन फोडून कमरेपर्यंत खाली गेल्याची गोष्ट सांगितली.

रंगली गोष्ट. जानेवारी महिना, बाहेर उणे अठरा. हॅलिफॅक्सपासून दीड तासावरचं कोळ्यांचं गाव, तिथलं जुनं चर्च तपासायचं काम. त्यात मी आधी भलत्याच चर्चमध्ये शिरलो आणि चांगली पंचवीस मिनिटं मापं घेतली. तिथल्या बाईंनी ‘तुम्ही फर्नेस दुरुस्त करायला आलात ना?’ असं विचारल्यावर उलगडा झाला. मग बरोबर चर्च सापडलं. ज्यांच्याकडे किल्ली असते त्या ऐंशी वर्षांच्या आयरीनबाईंनी दार उघडलं. मी आत गेलो. मी इंजिनिअर, लायसन्सवाला. फळ्यांच्या जमिनीत किती दम आहे ते बघायला मी दोन्ही पाय जुळवून उडी मारली. दम नव्हता.

‘वेल, डियर,’ आयरीनबाई वरून वाकून म्हणाल्या, ‘दॅट्स वन वे टु इन्स्पेक्ट इट.’

हॉल हसला. पहिल्या रांगेतले एक काका डोळे पुसत हसत होते, आधी रडून पुसले होते तेच डोळे. सुजातावहिनी मात्र हसल्या नाहीत. गोष्टीचा उरलेला भाग यायचाय म्हणून थांबलेल्या माणसासारख्या त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी माइक खाली ठेवला आणि टाळ्या पडल्या. पुण्यानुमोदनात टाळ्या, मिलिंद. एवढं खालचं यश मला यापूर्वी मिळालेलं नाही.

ती गोष्ट मी नेहमी तिथंच थांबवतो. आता स्मरणिकेसाठी ‘एक पान द्या’ म्हणून मागितलंय, तर त्या उडीनंतरचं लिहितो. पानात मावणार नाही. कापायचं तर त्यांनी कापावं.

नऊ वर्षांपूर्वी डार्टमथच्या फेरीबोटीत तू मला पहिल्यांदा हाक मारलीस. मी उतरायला म्हणून ऐटीत पुढे जाऊन उभा होतो आणि दार मागच्या बाजूला उघडलं. सगळी बोट उतरून गेली तरी मी तिथंच. तू मागून म्हणालास, ‘पुण्याचे ना? एवढ्या कॉन्फिडन्सनं चुकीच्या दारात दुसरं कोण उभं राहणार?’

मी विचारलं, ‘आणि तुम्ही?’

‘नागपूर. आमी चुकीच्या दारात उभं नाही राहत. आमाले दारच उघडत नाही.’

तेव्हा मी हसलो. विनोद म्हणून हसलो. तू नागपुरात पंधरा वर्षं इमारती उभ्या केलेला माणूस, आणि इथं कॅनडात तुझे कागद तीनदा परत आले. हा अनुभव चालत नाही, ते सर्टिफिकेट पुन्हा आणा, इथल्या कुणाच्या हाताखाली इतकी वर्षं काढा. तू कॅबिनेट विकणाऱ्या एका कंपनीत लोकांच्या किचनची ड्रॉइंगं काढायला लागलास आणि ती ‘तात्पुरती’ नोकरी शेवटपर्यंत केलीस. त्या दिवशी हॉलमधल्या बॅनरवर तुझ्या नावामागे ‘आर्किटेक्ट’ छापलं होतं. जिवंतपणी तू तसं कार्डावर छापलं असतंस तर इथं गुन्हा ठरला असता. मेल्यावर लायसन्स लागत नाही, एवढीच सवलत.

त्या पहिल्याच ऑक्टोबरात तू मला ते चर्च दाखवायला नेलंस. मला वाटलं, लॉबस्टर खायला चाललोय. तू समुद्रापासून आत, उतारावरच्या एका पांढऱ्या लाकडी ठोकळ्यासमोर गाडी उभी केलीस. मी म्हटलं, ‘हे? अरे, हे आपल्या बॅकयार्डातल्या शेडला टोपी घातल्यासारखं दिसतंय.’

‘चूप बस न बे. आधी बघ.’

मग तू मला बघायला शिकवायला लागलास आणि मी शिकल्यासारखं करायला लागलो. सभामंडप आणि गाभारा, एवढाच त्याचा आराखडा. बसायची लांबट खोली, बाकांच्या अकरा रांगा, मग एक अरुंद टोकदार कमान आणि कमानीपलीकडे जमिनीपेक्षा एका पायरीनं उंच असलेला छोटा गाभारा. दक्षिणेला डोकं वाकवून आत शिरायचं पोर्च. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर एकच घंटा टांगण्यापुरतं घरटं. खिडक्या इतक्या अरुंद की उजेड आत यायच्या ऐवजी डोकावून जावा. हे सगळं इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या, तेराव्या शतकातल्या दगडी चर्चवरून घेतलेलं. तिकडून आलेल्या एका पाद्र्यानं आपल्या लहानपणच्या चर्चची मापं काढून आणली आणि इथल्या सुतारांच्या हातात दिली. ते सुतार जहाजं बांधणारे. त्यांनी छत केलं ते उपड्या ठेवलेल्या जहाजासारखं, आणि बाकी सगळं कागदावर होतं तसं लाकडात उतरवलं. दगडी भिंत बाहेर ढळू नये म्हणून मूळ चर्चला जे जाड टेकू दिले होते, तेही त्यांनी फळ्यांचे केले. आतून पोकळ. कशालाही न धरणारे.

मी एका टेकूवर टकटक केली. तो खोक्यासारखा वाजला. ‘हे तर नाटकाचं नेपथ्य आहे,’ मी म्हणालो.

‘तू भाज्याच्या लेणीत गेलाय ना?’

‘वीसेक वेळा. पुण्याचा आहे मी.’

‘तिथल्या चैत्यातले खांब कसे आहेत?’

मला वर चढताना लागलेला दम आठवत होता, धबधबा आठवत होता, कणसं आठवत होती. खांब आठवत नव्हते. ‘दगडाचे,’ मी सांगितलं.

तू मोठ्यानं हसलास. मग म्हणालास, ‘आत झुकलेले आहेत, बाबू. लाकडी चैत्य बांधायचे तवा खांब आत झुकवून रोवायचे, छताचा भार पेलायले. मग लेणी कोरली तं दगडातही तसेच झुकवले. दगडाले काय गरज होती? कारागिराले जे बरोबर म्हणून माहीत होतं, थे त्यानं केलं. तिकडं दगडानं लाकडाची नक्कल केली, इकडं लाकडानं दगडाची करून राहिले. मी दोन्ही पाहिले. असा माणूस या अख्ख्या प्रांतात दुसरा नसंल.’

ते खरं होतं. आणि त्या माणसाला हा प्रांत किचनच्या ड्रॉवरची खोली विचारत होता.

गाभाऱ्याच्या भिंतीत, बाहेरून कमरेच्या उंचीवर, एक तिरकी चीर होती. तू खाली वाकून तिला डोळा लावलास. जुन्या काळी महारोग झालेल्यांना आत येऊ देत नसत, त्यांनी बाहेर उभं राहून इथून बघायचं, असं गावोगाव सांगतात, म्हणालास. अभ्यासकांना ते पटत नाही, तेही सांगितलंस. मी म्हटलं, ‘म्हणजे फुकटात सिनेमा.’ तू त्या चिरेला डोळा लावूनच राहिलास. तसाच म्हणालास, ‘बाहेर ठेवलेल्यांसाठी एवढी सोय केली, थेही इथल्या सुतारानं इमानदारीनं कॉपी केलं पाहाय.’ मी पुढे काय बोललो असेन? लॉबस्टर कुठे मिळतो ते विचारलं. नऊ वर्षांत अशी किती वाक्यं मी तुझ्या वाक्यांवर टाकली त्याचा हिशेब लागत नाही.

तू काही फार सोपा मित्र नव्हतास, हेही लिहितो, नाहीतर स्मरणिकेत सगळेच संत होतात. तू लोकांच्या घरी जेवायला जाऊन त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजायचास. माझं घर घेऊन झाल्यावर, अगदी गृहप्रवेशाच्या दिवशी, ‘किचनची दिशा तेवढी मूर्खासारखी आहे’ म्हणालास. वहिनींना लंडन दाखवतो म्हणून नेलंस आणि तीन दिवस त्या मूळ चर्चच्या खेड्यात, मेंढ्यांच्या संगतीत बसवलंस. परत आल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तिथे एक भिंत आहे. तिचे चारशे फोटो आहेत. माझे दोन.’

पण त्या भिंतीसाठीच तू गेला होतास. आपल्या चर्चची दक्षिणेकडची भिंत बाहेर कललेली होती, खालपासून वरपर्यंत साडेतीन इंच. तू सहा वर्षं, दर एप्रिलला आणि दर ऑक्टोबरला, तिथं वरून दोरीचा ओळंबा सोडून माप घेतलंस. वहीत लिहिलंस. एका केसाचाही फरक नाही. आणि इंग्लंडातली दगडी भिंत, तीच दक्षिणेची, तेवढीच कललेली. ती कित्येक शतकांपूर्वी ढळली होती आणि टेकूंनी थोपवली होती. पाद्र्यानं इमानदारीनं तिचा कलही कागदावर काढला, आणि जहाजवाल्या सुतारांनी इमानदारीनं तो बांधला. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. जहाजाची कुठली बाजू उभी सरळ असते?

तू हे मला सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, ‘गोष्ट चांगली आहे.’ गोष्टींची पारख आहे मला.

आता त्या जानेवारीचं.

चर्चच्या इन्शुरन्ससाठी इंजिनिअरचा रिपोर्ट हवा होता. गावात उरलेली पंधरावीस म्हातारी माणसं, त्यांना कुणी माहीत नव्हतं. माझं नाव तू सुचवलंस. तुला वाटलं, आपला माणूस जाईल तर नीट बघेल. त्या दिवशी तुला सुट्टी मिळाली नाही. तू आदल्या संध्याकाळी फोन केलास: ‘श्री, दक्षिणेच्या खिडकीखालच्या आतल्या फळ्या काढून पाहाजो. मी स्क्रू सैल करून ठेवले. खांबांचे पाय दिसतील. नुसतं बाहेरून पाहून काही लिहू नको.’

हे एक.

मी जमिनीतून खाली गेलो, नडगी सोलली, पँट फाटली. आयरीनबाईंनी आणि त्यांच्या चालण्याच्या काठीनं मला वर काढलं. हसून झालं. त्यानंतर मला त्या इमारतीत एक मिनिटही थांबायचं नव्हतं. थंडी होती, लाज होती, आणि फाटक्या पँटमधून दोन्ही एकाच ठिकाणी लागत होती. फळ्या त्या खिडकीखाली होत्या, माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. मी बाहेर गेलो, गाडीचा हीटर चालू ठेवला, लेझरनं भिंतीचं माप घेतलं आणि गाडीत बसून लिहिलं: दक्षिण भिंत छताच्या दाबानं बाहेर सरकत आहे, सरकणे चालू आहे, इमारत वापरास असुरक्षित. ‘सरकणे चालू आहे’ हे मला कुणी सांगितलं? एकदाच घेतलेल्या मापातून काही चालू आहे की थांबलंय हे कळत नाही, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. पण माझी नडगी ठणकत होती आणि इमारतीवर माझा राग होता. मी शिक्का मारला. महिन्याभरात चर्चला कुलूप लागलं.

रिपोर्ट वाचून तू मला कॉफीला नेलंस. ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत आपण चौथे की पाचवे होतो. तू गाडी चालवत होतास आणि वही माझ्या मांडीवर होती.

‘खिडकी पाहाय न, श्री. भिंत कललेली आन खिडकीची चौकट ओळंब्यात, सरळ उभी. भिंत बांधल्यावर मागून सरकली असती तं चौकट संगं गेली असती. चौकटीच्या बाजूला पाचर कापून बसवली आहे, जुन्याच खिळ्यांनी. एकदा चाल माझ्यासंगं. फळ्या काढू.’

हे दोन.

तू बरोबर बोलतोयस हे मला दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं. हे मी अजून कुणापाशी कबूल केलेलं नाही. शिक्का मारलेला रिपोर्ट मागे घ्यायचा म्हणजे ऑफिसात सांगायचं, बॉसला सांगायचं, फळ्या का नाही काढल्या ते सांगायचं, उडी सांगायची. म्हणून मी तुझ्याकडे न बघता म्हणालो:

‘तू किचन काढतोस, मिलिंद. स्ट्रक्चर माझ्यावर सोड.’

स्पीकरमधून एका मुलीचा उत्साही आवाज आला, ‘हाय देअर, व्हॉट कॅन आय गेट स्टार्टेड फॉर यू?’

तू काच खाली केलीस. ‘टू डबल-डबल, प्लीज,’ म्हणालास. शांतपणे. माझी कॉफी दोन साखर, दोन क्रीमची लागते ते तुला पाठ होतं आणि त्या क्षणीही तू ते विसरला नाहीस, याचा मला आजही राग येतो. शिवी द्यायची होतीस. मला उतरवून चालत घरी पाठवायचं होतंस. कॉफी काय मागवतोस?

नंतर आपण भेटत राहिलो. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, कुणाचे वाढदिवस. मी तुला गोष्टी सांगायचो, तू हसायचास. चर्चचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, मिटलं. माझ्यासारख्या माणसाला समोरच्याचं गप्प बसणं फार लवकर माफीसारखं वाटतं.

सप्टेंबरात गावात मतदान होतं. चर्च पाडायचं की नाही. तू मला म्हणालास, ‘काही बोलू नको, फक्त संगं चाल.’ मी आलो. पार्किंग लॉटमध्ये, गाडीतून उतरायच्या आधी, तू तिसऱ्यांदा विचारलंस. ‘रिपोर्ट मागे घे नाही म्हणत मी. एक ओळ लिहून दे. पुन्हा तपासणी होईपर्यंत निर्णय थांबवा, एवढीच. थे लोक थांबतील. आयरीनबाई कारणच शोधून राहिल्या थांबायले.’

मी म्हणालो, ‘बघतो.’

आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे काय, हे तुला फोड करून सांगावं लागत नाही. तू मान हलवलीस. आत, गावच्या हॉलच्या बेसमेंटमध्ये, अकरा माणसं होती. तू उभा राहून वहीतली मापं वाचलीस, बारा ओळी, सहा वर्षांच्या. एका म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं, ‘सर, आर यू ॲन इंजिनिअर?’ तू म्हणालास, ‘नो.’ मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. दहाविरुद्ध एक. तो एक हात आयरीनबाईंचा.

परत येताना दीड तास तू गाडी चालवत होतास. मी विनोद सांगत होतो. खरंच सांगत होतो. तीन सांगितले.

ऑक्टोबरात चर्च पाडलं, त्या दिवशी तू रजा काढून गेलास. मला विचारलंस, येतो का. मी म्हटलं, मीटिंग आहे. मी टायरच्या दुकानात विंटर टायर बसवायच्या रांगेत होतो, ज्या कामाला अजून महिना अवकाश होता. दुपारी तुझा मेसेज आला. नुसता फोटो. भिंत उघडी पडली होती. एका खांबाचा पाय, खालची तुळई, आणि शेजारी तू धरलेला ओळंब्याचा दोरा. खांबाचा पाय तिरका कापलेला होता. करवतीचे स्वच्छ दात, तुळईवर कागदही शिरू नये असा बसलेला. सरकलेला खांब असा बसत नाही. कलून उभं राहण्यासाठीच कापलेला खांब असा बसतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणी जहाजवाल्यानं जीव लावून कापलेला.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. टायरच्या दुकानात कॉफी मशीनशेजारी उभं राहून पुष्कळ वेळ पाहिला. आणि मग तुला उत्तर पाठवलं.

अंगठा.

शब्द नाही. वर केलेला पिवळा अंगठा. काय म्हणायचं होतं मला? छान? मिळालं? ओके? आयुष्यभर पन्नास शब्दांच्या जागी पाचशे वापरणाऱ्या माणसाला त्या दिवशी एक सापडला नाही. तू तो पाहिलास, निळ्या खुणा आल्या. आपल्यातलं ते शेवटचं बोलणं. पाच आठवड्यांनी, कुणा अनोळखी माणसाच्या किचनचं माप घेताना, तू खाली बसलास आणि उठला नाहीस.

पुण्यानुमोदनानंतर तिसऱ्या रविवारी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा टाकला आणि तुझी वही आणून माझ्यासमोर ठेवली.

‘तुम्ही त्या दिवशी अर्धीच सांगितली, भाऊजी.’

‘हो.’

‘ते मला सगळं सांगत नव्हते. पण एवढं मला माहीत आहे. जूनमध्ये डार्टमथच्या एक इंजिनिअर बाई तयार झाल्या होत्या, दुसरा रिपोर्ट द्यायला. वही बघून त्या म्हणाल्या होत्या, भिंत ठीक दिसते, एकदा जाऊन बघते. यांनीच नको म्हटलं.’

मी विचारलं, का.

‘बाईंनी लिहिलं की मग तुमचं चुकलं हे वर कळवावं लागेल. हे म्हणाले, श्रीनं स्वतः दुरुस्त केलं तर चूक ठरते, दुसऱ्यानं केलं तर तक्रार होते. त्याच्या लायसन्सवर येईल. लायसन्स नसलं की काय होतं ते मला माहीत आहे, म्हणाले. तो लिहील, थोडा वेळ लागतो त्याला.’

मिलिंद, तुला हा उपकार करायला कुणी सांगितलं होतं? माझं लायसन्स गेलं नसतं रे. एक चौकशी, एक समज, फार तर वर्षभर कुणाच्या देखरेखीखाली काम. तुला इथले नियम माझ्यापेक्षा जास्त पाठ होते, तुला हे ठाऊक असणार. आणि गेलं असतं तर गेलं असतं. सहा वर्षं ज्या भिंतीसाठी ओळंबा धरून थंडीत उभा राहिलास, ती तू माझ्यासारख्यासाठी सोडून दिलीस? बरं, सोडलीस तर मला सांगायचं तरी होतंस. तू सांगितलं असतंस तर लाजेनं तरी मी लिहिलं असतं. बहुतेक लिहिलं असतं. हे ‘बहुतेक’ मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

मी वहिनींना म्हटलं, ‘आता लिहून काय उपयोग?’

‘चर्चला नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही जूनमध्ये लिहिलं असतं तर उभं असतं ना ते?’

‘हो.’

‘मग लिहा. त्या अकरा माणसांना वाटतं की माझा नवरा गोष्टी रचणारा माणूस होता.’

मी त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून, तिथंच, इंग्रजीत पत्र लिहिलं. चर्चच्या कमिटीला, आणि एक प्रत लायसन्स देणाऱ्यांना. सात-आठ कागद फाडले. शेवटी साधं लिहिलं. माझ्या रिपोर्टमधला दक्षिण भिंतीबद्दलचा निष्कर्ष चुकीचा होता. भिंत सरकत नव्हती, ती मुळातच तशी बांधलेली होती. आतल्या फळ्या काढून बघण्याची सूचना तपासणीच्या आधी मिळाली होती. मी त्या काढल्या नाहीत. सही केली, गाडीतला शिक्का आणून मारला आणि मोठं काही केल्याच्या थाटात कागद वहिनींपुढे सरकवला.

वहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचलं. बोट एका ओळीवर ठेवलं.

‘सूचना मिळाली होती. कुणाकडून?’

मी पाहिलं. मिलिंद, अख्ख्या पत्रात तुझं नाव कुठंच नव्हतं.

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला लागलो. त्या ओळीशी आलो तेव्हा तुझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि थांबलो.

‘किती वेळा सांगितलं होतं त्यांनी?’ वहिनींनी विचारलं.

‘तीनदा.’

‘तेही लिहा.’